वाक्यात उपयोग करा

साखर पेठेतली रात्रशाळा. खाली चादरीचं दुकान,
भिंतीपलीकडे यंत्रमाग.
खटखट अशी की खडू बोटांत थरथरतो.
फळ्यावर मी लिहिलं : वेळ.
लिंग ओळखा, वाक्यात उपयोग करा.

मागच्या बाकावरून राजव्वा इराबत्ती,
वय बावन्न, नखांत तंबाखू :
बाई, वेळ बाई आहे का बाप्या?

दोन्ही, म्हटलं.
नुसता सरत राहतो तेव्हा तो.
किती वेळ लागला, फार वेळ बसलो, वेळ फुकट गेला.
नेमकी येऊन उभी राहते तेव्हा ती.
जेवायची वेळ, गाडीची वेळ, वाईट वेळ.
म्हणून वेळ झाला म्हणजे उशीर झाला
आणि वेळ झाली म्हणजे, चला, निघा.

मल्लेशम म्हणाला, आमच्या तेलुगूत पण वेळच की.
शिवलीला म्हणाली, कानडीत वेळे.
मग ह्यात शिकायचं काय बे?
खरंच होतं.
ह्या गावात एका शब्दाला तीन दारं
आणि माझा वर्ग तिन्ही दारांतून उशिराच येतो.

वेळ मारून नेणे, मी लिहिलं.
मारून कुठं नेतात?
पगाराच्या दिवशी शेठ नेतो तिकडं,
कोण बोललं कळलं नाही, सगळेच हसत होते.

वेळ अमावस्या, मी लिहिलं.
शिवलीला उठून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी.
बाई, आमच्या अक्कलकोटकडं येळवस म्हणतात,
शेतात कडब्याची खोप, आंबील, भज्जी.
आज्जी सांगायची, ते वेळ न्हाई, एळ्ळु.
एळ्ळु म्हणजे तीळ.
वीस वर्षं मी शिकवते आहे.
वीस वर्षं तिळाला वेळ म्हणत आले,
कुणी हटकलं नाही.

चंद्रय्या बोडा तेवढे हसत नव्हते.
जाड भिंगाचा चष्मा, वहीवर नाक टेकलेलं.
एकच वाक्य, अर्धा तास :
भोंगा होता तवा वेळ ऐकू यायची.
गिरणी बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी
डबा भरून ते दारात उभे होते, पहिल्या पाळीला,
भोंगा वाजेना म्हणून पाय उचलेना.
ऊन वर आलं. बायकोनं हातातला डबा काढून घेतला.
'तवा'ला मी 'तेव्हा' करणार होते. राहू दिलं.

पाण्याच्या वेळेवर कुणी लिहिलं नाही.
पाच दिवसांआड येतं, कधी रात्री अडीचला, कधी भर दुपारी.
त्या वेळेला व्याकरण लावायला
घागरीजवळ जागी बसणारी बाई पाहिजे,
आणि ती इथं रोज जांभया देत बसलेली असते.

राजव्वाची वही सगळ्यात शेवटी आली.
अक्षर विडीसारखं, एका मापाचं, दोऱ्यानं बांधल्यागत.

सिव्हिलमध्ये केसपेपरला खूप वेळ गेला.
मग डॉक्टर म्हणाले वेळ गेली
मी म्हणाले गेली तर गेली
माणूस कुठं आहे

लाल पेन हातात.
एकदा गेला, एकदा गेली, दोन्ही बरोबर.
विरामचिन्हं नव्हती पहिल्या ओळीनंतर,
प्रश्नचिन्ह तर हवंच होतं.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
शेजारचा माग मध्येच थांबला,
दोरा तुटला असेल,
आणि एकदम इतकं शांत झालं
की सगळ्यांनी मान वर केली.

बाई, टाइम काय झाला?
पावणेदहा.
म्हंजे अजून दोन कट्टे व्हतील,
म्हणाली, उद्या हजार द्यायच्यात, गेल्या खेपेला छाट लई निघाली.
वही तशीच माझ्यापाशी ठेवून
जिना उतरताना तेलुगूत काहीतरी म्हणाली.
त्यातला वेळ तेवढा मला कळला.
बाई का बाप्या, ते नाही.